सिलिंडरजवळची फरशी

बशीरभाई मिस्त्री ज्या खोलीत फरशी बसवायला जायचे, तिच्या दाराबाहेर चपला काढून मगच आत पाऊल टाकायचे. आत काय असायचं? मुरूम, खडी, विटांचे तुकडे, एखादा गंजका खिळा. आम्ही बाकीचे मिस्त्री ते सगळं चपलांनी तुडवत फिरायचो आणि हा माणूस अनवाणी, देवळात शिरल्यासारखा. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "बशीरभाई, अजून नुसती माती हाय ती. फरशी व्हायचीय." त्यांनी तळपायात रुतलेला खडा काढला, बाहेर फेकला आणि म्हणाले, "दत्ताराव, उद्या हितं कुणाचं तरी लेकरू रांगणार हाय. काय टोचतंय ते आदी माझ्या पायाला कळू द्या की." घरमालक शेजारीच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे कौतुक पसरलं ते पाहून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं पुढे सात-आठ वर्षं थांबलं नाही.

मी बारामतीचा, ते इंदापूरचे. नव्वदच्या सुमारास आमच्या भागात शहाबादी फरशी मागे पडून घराघरांत रंगीत टाइल्स यायला लागल्या. खेड्यापाड्यांत त्यांना सगळे 'स्टाईल' म्हणत. "आमच्यात स्टाईल बसवलीय" असं सांगताना बायकांची मान आपोआप ताठ व्हायची. कामाला तोटा नव्हता. कोऱ्हाळ्यापासून नरसिंहपूरपर्यंत मिस्त्री कमी पडत होते. तरीही घरमालक म्हणायचे, "बशीरभाई मोकळे झाले की मग बघू." मी मोकळाच त्यांच्यासमोर चहा पीत बसलेला असायचो. तोंडावर आणि पाठीमागे मी त्यांना बशीरभाईच म्हणत असे. मनात काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिसायला माणूस काही विशेष नव्हता. किडकिडीत अंग, गळ्यात पंचा, कानावर पेन्सिल, आणि खिशात रुपयाचं एक झिजलेलं नाणं. हे नाणं खर्चासाठी नव्हतं. बसवलेली फरशी पक्की वाळली की ते या नाण्याने एकेक फरशी वाजवत, मान तिरकी करून, कान पार खाली नेऊन. खाली सिमेंट नीट भरलं असेल तर 'टक' असा आवाज येतो. पोकळी राहिली असेल तर 'ढब'. ढब आला की ती फरशी उचकटायची आणि परत बसवायची, मग मालक बघत असो वा नसो. "माणूस गोड बोलंल, दत्ताराव. फरशी खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

फरशी बसवण्याआधी ती पाण्यात भिजवून ठेवायची, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण घाई असली की आम्ही ती बादलीत नुसती बुचकळून काढायचो. बशीरभाई आदल्या दिवशीच पिंप भरून त्यात फरश्या सोडत आणि त्याशिवाय कामाला हात लावत नसत. म्हणायचे, "तिला आदी पाणी पाजा. तहानलेली फरशी शिमिटातलं पाणी पिती आन् मग शिमिटालाच सोडून देती."

फरशी निवडायला दुकानात गेले की घरातल्या पुरुषाशी ते फारसं बोलतच नसत. "रोज पुसणार कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "जी पुसणार तिला आणा, मग ठरवू." कोऱ्हाळ्याच्या एका बागायतदाराने पांढरीशुभ्र फरशी पसंत करून ठेवली होती. बशीरभाईंनी खिशातून हळदीची पुडी काढली, दुकानदाराकडून थेंबभर तेल मागितलं आणि त्या पांढऱ्या फरशीवर बोट ओढलं. मग बागायतदाराच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, सैपाकघरात ह्ये रोजचंच. त्यात कारखाना सुरू झाला की उसाच्या फडातल्या जळत्या पाचटाची काजळी उडत येती. दिवसातनं चारदा पुसायची तयारी आसंल तर पांढरी घ्या." बाईने नवऱ्याकडे न बघता राखाडी फरशीवर हात ठेवला. काम संपलं की ते लाकडाच्या भुशाने सगळी फरशी स्वतः घासून चकचकीत करून द्यायचे आणि निघताना बजावायचे, "डाग पडला तर साबणाचं कोमट पाणी लावा. ॲसिड नगं. ॲसिडानं डाग जातो, पर जोडातलं शिमिटबी जातं." हे सगळं मलाही सांगता आलं असतं. पण मला कुणी विचारत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंही नसतं.

इथवर ठीक होतं. बाहेर जळायचं आणि घरी येऊन जेवायचं, याची सवय झाली होती. पण एके दिवशी आमच्याच स्वयंपाकघरात स्टाईल बसवायचं ठरलं. मी ऐटीत म्हणालो, "येत्या सोमवारी सुरू करतो." माझी बायको शालन भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुमी नगा. बशीरभाऊंना बोलवा."

मला वाटलं चेष्टा करते आहे. "अगं, मी फरशीचा मिस्त्री हाय!"

"व्हय की. म्हणून तर न्हाणीत पाणी तुंबतंय."

न्हाणीघराची फरशी मी चार वर्षांपूर्वी दीड दिवसात उरकली होती. लोकांची कामं खोळंबली होती, घरचं काय, कसंही चालेल असा माझा हिशेब. उतार मोरीकडे जायच्या ऐवजी दाराच्या कोपऱ्याकडे गेला. तेव्हापासून रोज सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की शालन खराट्याने पाणी लोटत होती. चार वर्षांत ती एका शब्दाने बोलली नव्हती. बोलली ती त्या दिवशी, आणि तेही बशीरभाईंचं नाव घेऊन.

बशीरभाई आले. आमच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कामाला लागण्याआधी ते पाय धुवायला न्हाणीत गेले. कोपऱ्यात पाणी साचलेलं होतं. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी दात आवळून उभा राहिलो. ते बाहेर आले, पंच्याने पाय पुसले आणि म्हणाले, "न्हाणीचा उतार लय अवघड, दत्ताराव. माझाबी कैकदा चुकलाय." त्यांचा उतार आयुष्यात कधी चुकला नव्हता, हे दोन्ही तालुक्यांना माहीत होतं. ते हसले असते तर मी सहन केलं असतं.

चार दिवस त्यांचं काम चाललं होतं. मी तेव्हा लोणी भापकरला एका घराचं काम धरलं होतं. हात तिकडे चालत आणि लक्ष घरी. पाचव्या दिवशी स्वयंपाकघर तयार झालं. खाली तपकिरी ठिपक्यांची फरशी, ओट्यामागच्या भिंतीला सायीच्या रंगाच्या टाइल्स, आणि जोड असे सरळ की दोरा धरून बघावेत. आळीतल्या बायका बघायला आल्या. शालन प्रत्येकीला सांगत होती, "बशीरभाऊंनी बसवलीय." मी तिथेच उभा होतो. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शालन पिशवी घेऊन बाहेर पडली. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि दारापासून फरशी वाजवत निघालो. टक. टक. टक. गुडघे दुखायला लागले. अर्धी खोली झाली, पाऊण झाली, सगळं टक. माझा जीव खाली खाली जात होता. शेवटी ओट्याखालचं सिलिंडर बाजूला सरकवलं आणि त्याच्या जवळची फरशी वाजवली. ढब. परत वाजवली. ढब. खोटं कशाला सांगू, पोटचं पोर शाळेत पहिलं आलं असतं तरी मला इतका आनंद झाला नसता.

शालनला मात्र मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लगेच बशीरभाईंना निरोप धाडला असता. ते आले असते, अर्ध्या तासात ती फरशी नीट करून गेले असते, आणि माझ्या हातातला एकुलता एक पुरावा नाहीसा झाला असता. मी सिलिंडर होतं तसं सरकवून ठेवलं आणि तो ढब मनात जपून ठेवला.

तो बाहेर काढायची संधी वर्षभरात आली. इंदापुरात एक डॉक्टर मोठा बंगला बांधत होते. फरशीचं सगळं काम बशीरभाईंना द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं, तरी रीत म्हणून मलाही बोलावलं. आम्ही तिघे जोत्यावर उभे होतो. बशीरभाई अर्थातच अनवाणी. डॉक्टर म्हणाले, "यांची एकही फरशी पोकळ निघत नाही, असं ऐकलंय."

"माझ्याच घरात निघालीय की," मी म्हणालो. "कवाबी या आन् वाजवून बघा."

बशीरभाईंचा चेहरा उतरला. "कुठली?" त्यांनी विचारलं.

"ओट्याखालची. सिलिंडरजवळची."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खाली आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "व्हय. ती पोकळ हाय. ठावं हाय मला."

"माहीत असून तशीच ठेवलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठेवली."

एवढंच बोलून त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. काम मला मिळालं. गोष्ट इंदापुरात पसरायला वेळ लागला नाही, आणि ती पसरेल याची थोडी काळजी मीही घेतली, फक्त बारामतीत शालनच्या कानावर जाऊ दिली नाही. लोक बशीरभाईंच्या देखत खिशातून नाणी काढून त्यांच्या फरश्या वाजवून बघायला लागले. ते बाजूला उभे राहायचे आणि वाजवू द्यायचे, असं माझ्या कानावर आलं. मी जिंकलो होतो. पण डॉक्टरांच्या बंगल्यात काम करताना मी चपला दाराबाहेर काढायला लागलो होतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बशीरभाईंनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही, हा मला आणखी एक ताप. एसटी स्टँडवर गाठ पडली की स्वतःहून चहा पाजायचे. "वहिनी बऱ्या हायत न्हवं?" असं विचारायचे आणि उठता उठता न चुकता म्हणायचे, "ती फरशी काढू नगा बरं का, दत्ताराव. ऱ्हाऊ द्या तशीच." मला वाटायचं, टोमणा मारतायत. आता काढून काय उपयोग, गावभर तर झालं, असं मनात म्हणून मी चहा संपवायचो.

दशक सरता सरता, एका उन्हाळ्यात, बशीरभाई गेल्याचा निरोप आला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी इंदापूरला गेलो. कब्रस्तानात बाकीच्यांबरोबर तीन मुठी माती टाकली. चपला मी कुठेतरी मागे काढल्या होत्या. खडे पायाला टोचत होते आणि मला रडू येत नव्हतं.

घरी आलो, अंघोळ केली. शालन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डोळे पुसत होती. मी समोर बसलो. ती म्हणाली, "अवो, एक सांगू? आता सांगायला हरकत न्हाय. हितलं काम चाललं हुतं तवा शेवटच्या दिवशी तुमी लोणीला गेला हुता. मी म्हणलं, बशीरभाऊ, एक फरशी मला बसवू द्या. मिस्त्र्याची बायकू हाय, पर थापी कवा हातात धरली न्हाय. त्यांनी दिली थापी. शिमिट कसं पसरायचं, फरशी कशी दाबायची, समदं दावलं. मी म्हणलं, ह्यांना सांगू नगा, हासतील मला. तर म्हणले, वहिनी, माझ्या तोंडातनं मरंस्तवर निघायचं न्हाय."

"कुठली फरशी?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक झालं होतं.

"ती काय, सिलिंडरजवळची."

डॉक्टरांच्या जोत्यावर नुसतं एक वाक्य पुरलं असतं. ती वहिनींनी बसवलीय, एवढंच. काम त्यांच्याकडे राहिलं असतं, नाव राहिलं असतं आणि मी तिथल्या तिथे गाडला गेलो असतो. तो माणूस स्वतःच्या पायांकडे बघत "ठेवली" म्हणाला होता. आणि मला लाज वाटली ती वाटलीच, पण त्याही घटकेला मला त्यांचा हेवा वाटला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शालनने माझ्याकडेही एकदा थापी मागितली होती. हे बायकांचं काम न्हाय, असं मी म्हणालो होतो. तिने परत कधी मागितली नाही. मागितली ती त्यांच्याकडे.

शालनने डोळे पुसले, उठली आणि ओट्याखालचं सिलिंडर स्वतःच बाजूला सरकवलं. "तुमी मिस्त्री हाय न्हवं? वाजवून सांगा की, कशी बसलीय ती."

मी खिशातून नाणं काढलं. खाली वाकलो. वाजवलं.

ढब.

"काय म्हणतीया?" तिने विचारलं.

"भरीव हाय," मी म्हणालो. "पक्की बसलीय."

शालनने पदराचं टोक धरून ती फरशी पुसली. "आसणारच," ती म्हणाली. "बशीरभाऊंनी शिकवलं हुतं मला."