नोकरी जाण्याची तालीम

सकाळच्या शिफ्टची कंपनीची बस चऱ्होली फाट्यावर थांबली आणि विलास चढला नाही. मी फोन लावला. उचलला तो वहिनींनी. "भाऊजी, हे उठंनात..." एवढंच बोलल्या. मी बसमधून उतरून त्याच्या घराकडे धावत सुटलो, आणि धावताना मनात आलं काय, तर सुटला बिचारा! जिवलग मित्राबद्दल असं मनात यावं, इतके वाईट दिवस आमच्यावर आले होते.

विलास मूळचा औशाकडचा. चाकणच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर उमेदीची सगळी वर्षं काढली. आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवणार अशी कुणकुण लागली, तेव्हा कुणी शिव्या घातल्या, कुणी देव पाण्यात ठेवले. विलास तयारीला लागला. स्वभावच तसा, बारशाला निघाला तरी पिशवीत छत्री टाकणारा. गुरुवारी सुट्टी असली की ओळखीच्या एकाची रिक्षा घेऊन आळंदी रस्त्यावर शिकायला जायचा. रिक्षा लगेच जमली, जमेना ते ओरडणं. "आळंदी, आळंदी" अशी हाक मारायची तर आवाज घशातच अडायचा. मी मागे खोटा पॅसेंजर होऊन बसायचो. "अरे ओरड की राव, पोरगी बघायला आलायस का?" तो खाली बघायचा. "जमंना गेलंय संज्या. कंपनीतलं कुणी बघितलं तर?" मला हसू यायचं, पण उद्या माझीही तीच गत होणार होती.

घरातही तेच. पगार चालू असतानाच त्या घरात पगार गेल्यासारखं राहणं सुरू झालं. टीव्ही बंद, बाहेरचं खाणं बंद, वहिनींना स्कूटी शिकवून झाली. मुलीच्या वाढदिवसाला केकऐवजी शिरा केला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "अजून गेलीय का नोकरी? पोरीला आत्ताच कशाला रडवतोस?" तो शांतपणे म्हणाला, "गेल्यावर तिला एकदम न्हाई म्हणवायचं न्हाई मला. आत्तापासून थोडं थोडं म्हणायलोय." मी शिरा खाल्ला आणि घरी आलो.

पण सगळ्यात वाईट ती तालीम. पलीकडच्या एका कारखान्यात माणसांना एकेकटं केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यावर सह्या घेतल्या होत्या. विलासने त्याचा धसकाच घेतला. एका दुपारी गच्चीवर मला म्हणाला, "तू साहेब हो. मला काढून टाक. मी सही करत न्हाई, घरी विचारून सांगतो म्हणतो. तेवढं तोंडात बसलं पायजे." मी पाण्याच्या टाकीला टेकून साहेब झालो. म्हणालो, "बसा विलासराव. उद्यापासून येऊ नका. इथे सही करा." आणि हा गडी ताठ उभा राहून म्हणाला, "होऊन जाईल साहेब!" आमच्या लाइनवर प्रत्येकाच्या तोंडी हेच असतं. टार्गेट वाढवा, होऊन जाईल. सुट्टीला या, होऊन जाईल. मी खो खो हसलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तो खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. "आतून दुसरं काही येईनाच गेलंय रे..." माझ्या मित्राच्या आत कंपनीने एवढंच शिल्लक ठेवलं होतं, याचा मला अजून राग येतो. आम्ही पुढच्या गुरुवारी पुन्हा बसलो, त्याच्या पुढच्याही. ते वाक्य त्याला कधीच आलं नाही.

डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले. दहाव्याला वहिनी भिंतीकडे बघत बोलत होत्या, "नोकरी गेली तर काय करायचं, कुणाला फोन लावायचा, काय आधी विकायचं, सगळं शिकवलं भाऊजी. हे गेले तर काय करायचं, ते कुठं शिकवलं?"

लाइनचं अजून काहीच ठरलेलं नाही. रोज मशीनवर उभे राहतो, विलासच्या जागी नवा माणूस आलाय. विलासचा राहिलेला हिशेब मिळायला त्याचं कार्ड, गणवेश आणि सेफ्टी बूट कंपनीला परत करायचे होते, म्हणून मी ते आणायला त्याच्या घरी गेलो. कार्ड मिळालं, घडी केलेला गणवेश मिळाला. बूट दाराबाहेर होते. मी वाकलो तशा वहिनी पुढे आल्या. "ते राहू द्या भाऊजी. मी शिवणाच्या कारखान्यात जायलेय आता, पोरगी घरी एकटी असते. दारात बाप्याचे बूट दिसले म्हणजे कुणी उगाच कडी वाजवत न्हाई."

कंपनीच्या स्टोअरमध्ये मी माझेच बूट त्याचे म्हणून जमा केले. नंबर कुणी बघितला नाही.

परवा पुन्हा गेलो. बूट दारातच होते, पण एक आडवा पडलेला, नाडी सुटलेली. मी सरळ करायला गेलो तर मुलीने अडवलं. "नको काका, मीच ठेवलाय तसा. रोज जरा हलवून ठेवायचे असतात. एकाच जागी राहिले तर लोकांना कळतं, घालणारं कुणी नाही."