वाकवली की विझणारी पट्टी

दुपारी प्रयोगशाळेत, घडी घालता येणाऱ्या पडद्यासाठीची प्लास्टिकची पातळ, पारदर्शक पट्टी हिरव्या प्रकाशाने उजळली. मी ती पेनाभोवती वाकवली आणि ती अर्धी विझली. चार महिने हेच चाललं होतं. पट्टीवर केसाहून कितीतरी बारीक अशा चांदीच्या तारांचं जाळं होतं. वाकवलं की तारा एकमेकींवरून सरकत आणि वीज अडे. तारा वाढवल्या तर पट्टी धुरकट होई, सांधे पक्के करायला तापवली तर प्लास्टिकच आक्रसे.

"परत?" शेजारच्या टेबलावरून सुलभाताईंनी विचारलं. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या संशोधक.

"परत," मी वैतागून म्हणालो. "असं काय मोठं मागतोय मी? दिसू नकोस, वीज अखंड वाहून ने आणि वाकवीन तशी वाक. फक्त विझू नकोस."

त्या चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडूनही एवढंच मागितलं होतं."

मी पट्टी पेनावरून हळूच सोडवली. ज्यांच्या आरपार बघायची आपल्याला सवय होते, त्यांच्याकडे बघायचं राहूनच जातं.

रोज मी नोंदवहीत 'पट्टी निकामी' असं लिहीत असे. त्या दिवशी लिहिलं, 'ताण जास्त दिला'.