आईने धुतलेल्या चार काचा

माझ्या आईच्या हाताला एक खोड आहे. काचेची वस्तू मळलेली दिसली की तो शिवशिवतो. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कुणाकडे चहाला गेली तरी आधी ग्लास उजेडात धरून बघते. मी शरमेने अर्धी होते. पण तिची नोकरीच तशी होती. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती वीस वर्षं काचा धुवायला होती. बोटभर लांबीच्या त्या पातळ काचपट्ट्या, ज्यांच्यावर माणसांचं रक्त नि काय काय पसरून मायक्रोस्कोपखाली ठेवतात, त्या. तेव्हा त्या परत वापरायचे. बघून झालेल्या काचा बादलीत यायच्या, आई घासूनपुसून लखलखीत करून परत पाठवायची. ती रिटायर झाली त्याला बरीच वर्षं झाली, हात काही अजून रिटायर झाला नाही.

तर या बाईच्या गळ्याला मार्चमध्ये गाठ आली. लिंबाएवढी. घोट गिळला की वर जायची, परत खाली यायची. ती म्हणे, चरबी आहे. मी म्हणे, चरबी पोटावर येते, गळ्यावर कुठे बघितलीस? घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडण सोडवायलाही कुणी नाही. तिला दादरच्या डॉक्टरकडे न्यायला मला तीन आठवडे लागले, कारण जयंती तोंडावर आली होती. चौदा एप्रिलला संध्याकाळी चाळीच्या मैदानात महिला मंडळाची गाणी असतात आणि पहिलं गाणं आईचं असतं. माझ्या जन्माआधीपासून. तालीम चालू असताना तिच्या गळ्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि फार शांत. म्हणाले, कापाकापी नाही, भूल नाही. इंजेक्शनची असते तसली बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेऊ, म्हणजे गाठ साधी आहे की कॅन्सरची ते कळेल. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन. आईने विचारलं, गळ्याचं? हो, म्हणाले, आवाजाची नस तिथूनच जाते, पण सर्जन काळजी घेतात. घाबरून मीच बडबडत सुटले.

सुई आत असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही, असं त्यांनी आईला बजावलं. मला वाटलं, न बोलणं हिला काही जमायचं नाही. पण सुई मागेपुढे होत होती तेवढा वेळ ती डोळे मिटून पडून राहिली. सगळा कारभार मिनिटभराचा. मग डॉक्टरांनी सुईतला थेंब एका काचेवर सोडला, दुसऱ्या काचेने ओढून पसरवला, अशा चार काचा केल्या आणि लगेच स्पिरिटच्या बाटलीत उभ्या सोडल्या. आई मान वळवून बघत होती. पातळ ओढलंत, छान, म्हणाली. डॉक्टर हसले. निघताना तिने दोनच गोष्टी विचारल्या. रिपोर्ट कधी मिळणार, आणि समजा काचा बिघडल्या तर परत कधी टोचणार. गुरुवारी, डॉक्टर म्हणाले, आणि बिघडल्या तर पंधरा दिवसांनी, आतली सूज उतरल्यावर. मी म्हटलं, नोकरी सुटली पण चौकशा सुटत नाहीत.

बाटली परळच्या एका लॅबमध्ये आम्हीच पोचवायची होती. शनिवारची संध्याकाळ, लॅब बंद झालेली. सोमवारी द्या, स्पिरिटमध्ये काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी बाटली घरी आणून बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको.

रविवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर भांड्यांच्या रॅकमध्ये, वाट्यांच्या मागे, चार काचा चमकत होत्या.

"चिकट होत्या गं," आई म्हणाली. "हाताला सवय. धुतल्या गेल्या."

मी घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या काकी धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं की काय. कारण कळल्यावर त्या हसायला लागल्या, त्यांचं बघून आई हसायला लागली, आणि मी आपली डोक्याला टॉवेल गुंडाळून एकटीच भांडतेय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, साबणाने? मी म्हटलं, साबणाने आणि घासणीने. ठीक आहे, पंधरा दिवसांनी या.

गोष्ट चाळभर झाली. ऑफिसातही मी ती रंगवून सांगितली, कारण सांगताना हसता यायचं. घरी आल्यावर हसू यायचं नाही. रोज तिच्या गळ्याकडे चोरून बघायचे, कालच्याएवढीच आहे ना म्हणून. ती मात्र तालमीला जायची, येताना गुणगुणत यायची. मला तिचा इतका राग यायचा की काय सांगू.

चौदा तारखेला पांढरी साडी नेसून ती माईकसमोर उभी राहिली आणि असा आवाज लावला की साउंडवाल्याने आपणहून बटण खाली केलं. वरच्या पट्टीत जाताना तिच्या गळ्यातली गाठ हलायची, ती मला मागच्या रांगेतून दिसत होती. मी त्या गाठीला मनातल्या मनात दिल्या त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्यानंतर परत टोचलं. या वेळी बाटली दोन्ही हातांनी धरून मी टॅक्सीत बसले आणि आईला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर नाही. मी लॅबच्या पायरीवर बसले आणि भर रस्त्यात रडले. आईने पदराने माझं तोंड पुसलं, चांगलं खसखसून.

रडून झाल्यावर राग आला. म्हटलं, तुझ्या त्या खोडीपायी इतके दिवस माझ्या जिवाला घोर. काचा धुतल्या नसत्यास तर जयंतीच्या आधीच कळलं असतं काही नाही म्हणून, आरामात गायली असतीस.

"वीस वर्षं काचा धुतल्या मी," ती म्हणाली. "बघून झालेली कुठली आणि बघायची राहिलेली कुठली, ते मला कळत नाही होय?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"गुरुवारी वाईट निघालं असतं," ती म्हणाली, "तर तू मला गाऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. गोड बोलून, नाहीतर ओरडून, मी तिला ऑपरेशनला नेलं असतं. तिचं शेवटचं गाणं असतं तरी मी ते तिच्याकडून काढून घेतलं असतं, आणि वर म्हटलं असतं की हे तुझ्याच भल्यासाठी.