भाड्याची अक्षरं

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वाचता येईल असा शब्दच नव्हता, तर चूक कुठून असणार?

पालमला माझं लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान. मराठी टायपाची, म्हणजे फॉन्टची, सीडी एकदाच विकत घेऊन कम्प्युटरात घातली आणि तिच्यावर अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली. मग एक विक्रेता आला. "काका, आता सगळं क्लाउडवर, कंपनीच्या इंटरनेटवरच्या कोठारात. महिन्याला थोडं भाडं, टायप कायम नवाकोरा." मी भाळलो. जुना कम्प्युटर सीडीसकट भंगारवाल्याला दिला (वर त्याला चहा पाजला).

"मालकीचं देऊन भाड्याचं घ्यायलाव?" बायकोनं विचारलं.

"तुला टेक्नॉलॉजी कळत न्हाई," मी म्हणालो.

पोरीची, पायलची, पत्रिका मी जीव ओतून टाइप केली आणि छपाईसाठी परभणीच्या प्रेसला पाठवली. नेमकं त्याच दिवशी बँकेनं, ज्यातून भाडं कापलं जायचं ते माझं कार्ड बदललं. क्लाउडवाल्याला भाडं पोचेना. त्यानं आपली अक्षरं काढून घेतली. चिडका भाडेकरू जाताना बल्बसुद्धा काढून नेतो, तशी वेलांट्या-उकारांसकट नेली! मागं उरली ती कंस, टिंबं आणि एबीसीडीची खिचडी. प्रेसवाल्यानं तीच छापली.

मला याचा पत्ताच नाही. एसटीनं आलेला पत्रिकांचा गठ्ठा न सोडताच घेऊन मी थेट सोनपेठला, मेहुण्याकडं, दत्तरावांकडं. पहिला मान मामाचा. त्यात ते आधीच फुगलेले. मागच्या एका लग्नात त्यांचं नाव तळाला छापलं होतं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "माझा भाऊ आला न्हाई तर पोरीला बोहल्यावर कोण नेईल? मामा एकच हाय तिला."

दत्तरावांनी पत्रिका काढली. उलटी धरली. सुलटी धरली.

"दाजी, हे काय हाय?"

मी बघितलं, गठ्ठ्यातल्या आणखी दोन उघडल्या, तीच खिचडी. प्रेसला फोन लावला.

"छापताना बघितलं न्हाई का?"

"बघितलं की सर. मला वाटलं इंग्लिश मीडियमची पत्रिका हाय."

इकडं दत्तराव बोटानं ओळी मोजायले होते. "माझं नाव कुठं हाय?"

"हे बघा, तिसऱ्या ओळीत."

"आन पयल्या ओळीत?"

"आमचा दादा. थोरला भाऊ हाय ना."

"त्याला लांबलचक ओळ, आन आमाला चार टिंबं, एक कंस?" त्यांनी पत्रिका मिटली. "आमी न्हाई येत."

आता काय करावं? मी पत्रिका परत उघडली आणि त्यांच्या जमलेल्या सगळ्या भावकीदेखत खणखणीत वाचायला लागलो. निमंत्रकांत पहिलं नाव दत्तरावांचं घेतलं, दुसरंही जवळपास त्यांचंच. दादाला तळाला टाकलं. वाचता कुणालाच येत नसल्यानं हरकत कोण घेणार? दत्तराव विरघळले. जेवूनच जा म्हणाले.

मी घरी पोचायच्या आत बातमी चुडाव्याला, दादाकडं पोचली आणि त्याचा फोन आला.

"थोरल्याला तळाला घातलंस व्हय रे?"

"न्हाई दादा, पत्रिकेत तूच पयला हाईस."

"दाखव छापील."

तेवढ्यासाठी क्लाउडवाल्याला मागचं-पुढचं सगळं भाडं भरलं. अक्षरं परत आली. पत्रिका आली नाही. कंपनीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, भाडं थकल्यामुळं आपली फाइल नियमानुसार पुसली गेली." पत्रिका माझी, पोरगी माझी, भाऊ माझा, कोठार मात्र त्यांचं. आणि आता नव्यानं टाइप केलेली दादा थोडीच खरी मानणार होता?

लग्नात दत्तरावांनी पायलला बोहल्यावर नेलं. दादा आलाच नाही. वहिनी एकट्या आल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांचा रुसवा तरी तुमच्या टायपासारखा महिन्यानं बंद पडंल का?"

कुठला बंद पडतोय! आमच्या घराण्यात रुसवा भाड्यानं घेत नाहीत. दादानं तो कायमचा, मालकी हक्कानं घेतलाय. आणि दुकानदार म्हणून सांगतो, इतका टिकाऊ माल मी जन्मात दुसरा विकलेला नाही.