जैसे थे साहेब

मी 'श्री' टाइप केलं आणि पडद्यावर 'ढघ' उमटलं. पुन्हा केलं. पुन्हा 'ढघ'. 'ग'चं बटण दाबलं तर स्वल्पविराम आला. सकाळी रायपूरहून आलेल्या माणसाने आमच्या संगणकात जुन्या प्रोग्रॅमवर नवा प्रोग्रॅम चढवला होता आणि चहा पिऊन तो निघून गेला होता. आता लग्नपत्रिका अडल्या होत्या आणि छापखान्याचे मालक माझ्या पाठीशी उभे होते.

"क्या हुआ बाई, भूल गई क्या?"

"मैं नहीं भूली. मशीन भूल गई."

मालक हसले नाहीत. "शनिवार तक देखता हूँ. नहीं जमा तो सोमवार से दुर्ग की लड़की आएगी. कोर्स करके बैठी है."

तो गुरुवार होता. मी चौथी पास. नवरा ठेकेदाराकडे कामाला होता, त्यामुळे तो वारल्यावर त्याच्या जागी प्लांटची, म्हणजे पोलाद कारखान्याची, नोकरी काही मला मिळाली नाही. भिलाईतल्या त्या छापखान्यात सोळा वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून मी दोन पोरी वाढवल्या. दुसरं काम मला येत नव्हतं. मी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाला, जैसे थे साहेबांकडे निरोप धाडला.

हे साहेब मूळ भंडाऱ्याचे, प्लांटच्या संगणक विभागात होते. मराठी मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं तपासायला आमच्याकडे आले आणि मग येतच राहिले. दिसायला काही नव्हते. तंबाखू खायचे, शर्टाचं एक बटण नेहमी तुटलेलं. कुठेही काही बदलायचं निघालं की ते विचारत, "आत्ता जैसे थे काय काय आहे, ते लिहून घेतलं काय?" त्यावरून प्लांटमधल्या लोकांनी मागून हे नाव ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "शिव्या देत नाहीत, हेच लय झालं."

ते नव्याच्या विरुद्ध होते असं कोणी समजू नये. आमच्या ओळखीत सगळ्यांत आधी नवी स्कूटर त्यांनीच घेतली. पण दुकानात जुनी स्कूटर शेजारी उभी करून, सुतळी लावून, जुन्या आरशाचा तिरपेपणा मोजला आणि नवा आरसा तसाच बसवून घेतला. दुकानदाराला हसू आवरेना. साहेब त्याला म्हणाले, "भाई, गाड़ी नई ली है, गर्दन तो पुरानी ही है ना."

सेक्टर सहामधून दहामध्ये क्वार्टर बदललं, तेव्हा सामान बांधण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांचं चित्र काढलं. नव्या घरी प्रत्येक डबा त्याच ओळीत लावला आणि मगच जेवायला बसले. त्यांच्या बाईंनी मला सांगितलं, "आमचा माणूस लग्नाची तारीख इसरते, पण हळदीचा डबा कुठं होता ते नाही इसरत." बोलणं तक्रारीचं होतं, पण पहिल्याच दिवशी चहा करताना आपल्याला काही शोधावं लागलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

छापखान्यात संगणक आला तेव्हा साहेबांनी मला त्याच्यासमोर बसवलंच नाही. खिळे ठेवायच्या लाकडी खणांपाशी मी काम करत असताना दोन दुपारी ते वही घेऊन बाजूला उभे राहिले. शेवटी मी वैतागले.

"साहेब, कावून पाहून राहिले? घरी काम नाही काय?"

"तुमचा हात कोणत्या अक्षराले कुठं जाते, ते पाहून राहिलो."

कोणतं बटण दाबल्यावर कोणतं अक्षर उमटावं, हे त्या प्रोग्रॅममध्ये आपल्याला ठरवता येत असे. साहेबांनी माझ्या खणांत अक्षरं ज्या बाजूला होती, त्याच बाजूच्या बटणांवर ती बसवली. मी म्हटलं, "मी शिकली असती." ते म्हणाले, "तुम्ही सोळा वर्सं शिकल्या. आता मशीननं शिकावं." कोणा साहेबाने माझ्या कामाला शिक्षण म्हणावं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तर निरोप मिळाल्यावर ते शुक्रवारी ड्युटी संपवून आले. जुन्या मांडणीची फ्लॉपी त्यांनी जपून ठेवली होती. नवा प्रोग्रॅम ती उघडेना. मग त्यांनी वहीतून बटणांचा तक्ता काढला. तो मी वरून खालपर्यंत पाहिला.

"साहेब, हा तक्ता पयलेचा आहे. मंग मी बदललं. 'ळ' दूर पडे, त्याले जवळ घेतलं. अजून बरीच अक्षरं हलवली."

"कोणती?"

"आता नाही सांगता येत."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. बदलायचं कसं ते तुम्हाले शिकवलं, अन् बदललं काय, ते कधी इचारलं नाही."

त्यांनी संगणकाचा पडदा बंद केला. "सांगा, 'ठ' कुठं?" मला सांगता येईना. 'भ' विचारला. तोही येईना. एकेक अक्षर विचारलं की बोटं हलतच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पदराने पुसलं, कारण त्याचा उपयोग नव्हता.

साहेब एकदम पत्रिका वाचल्यासारखे म्हणाले, "आमचे येथे श्रीकृपेकरून."

बोटं चालली. पडदा काळाच होता, पण बोटं धावत होती. साहेब स्टूल ओढून जवळ बसले आणि कोणतं बोट कुठे पडतं ते टिपू लागले. चि. सौ. कां. झालं, मंडपपूजन झालं, आहेर आणू नये झालं. पत्रिकेत न येणाऱ्या अक्षरांसाठी त्यांनी वाक्यं रचली. "लिहा, ढेमशाची भाजी खाऊन ठेकेदार ठणठणीत झाला."

"ढेमसं खाऊन कोणी ठणठणीत होते काय, साहेब?"

"होत नाही. पण 'ढ' भेटला."

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आले आणि एकेक बटण नव्या प्रोग्रॅममध्ये बसवत गेले. चार वाजता मालक आले. मी 'श्री' टाइप केलं. 'श्री' उमटलं.

"चालू हो गया?" मालकांनी विचारलं.

"बाई तो कल भी चालू थी," साहेब म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

दुर्गची मुलगी आली नाही.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेले. जाताना छापखान्यात आले, सगळ्यांशी बोलले, मला म्हणाले, "आता लिहायचं काम तुमचं." ते वारल्याचं पत्र आलं त्या दिवशी मला तीन पत्रिका द्यायच्या होत्या. त्या मी दिल्या आणि मग घरी गेले. पुढे तो प्रोग्रॅम आणखी तीनदा बदलला. दर वेळी बदलायच्या आदल्या दिवशी मी माझ्या सगळ्या बटणांचा तक्ता कागदावर उतरवला आणि खाली सही केली.

त्या छापखान्यात खिळे जुळवणारे आम्ही चौघे होतो. तिघे पुरुष होते, तिघेही माझ्याहून जास्त शिकलेले. संगणक आल्यावर एकेक करून त्यांचं काम सुटलं. मी एकटी राहिले.