उरलेली जागा

“भरलेलं भांडं वाजत नाही,” असं द्वारकेच्या लग्नबँडातले ट्रम्पेटवाले याकूबमास्तर नेहमी म्हणत. शहाण्णव साली त्यांनी एका जुन्या अमेरिकन जॅझवादकाची ढीगभर रेकॉर्डिंगं ऐकून जिवाला लागलेली तीनच निवडली आणि कॅसेटवाल्या नंदूकडे भरायला दिली.

माझ्यासमोरच कॅसेट देताना नंदू हसला. “मास्तर, जागा उरली होती. वरातीची गाणी फुकट टाकली.”

मास्तर पेटले. “गाढवा, उरली नव्हती, ठेवली होती! त्या कोऱ्या टेपवर त्या अमेरिकनाच्या पाठोपाठ मी वाजवणार होतो. जन्मभर वरातीचंच फुंकलं. तिथं तरी नको होतं!”

“पुसतो ना, मास्तर.”

“माझ्या नावामागची वरात पुसशील?”

कॅसेट आपटून ते गर्दीत चालू लागले. नंदू आणि मी त्यांची ताठ पाठ बघत राहिलो.