दादांच्या गालावरची रेघ

आमच्या घरात जेवणाच्या ताटातही भुसा असायचा. एकच खोली. दिवसभर तिथं दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रंधा चालायचा आणि संध्याकाळी तीच फरशी झाडून आई स्टोव्ह पेटवायची. अर्धवट झालेलं दार आडवं टाकलं की ते माझं अभ्यासाचं टेबल. गिऱ्हाईक दार घेऊन गेलं की अभ्यास जमिनीवर. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, कामं थांबायची आणि आम्ही कांद्याच्या चटणीशी भाकरी खायचो. अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या कुळात त्याआधी कॉलेजच्या फाटकाच्या आत कुणी गेलं असेल, तर ते फाटक बसवायला. हे मी अजून मिरवते आणि मिरवणारच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नाशकाच्या इंदिरानगरात नवी घरं उठत होती, दादांना दारं-खिडक्यांची बरी कामं मिळायला लागली होती आणि नेमकी तेव्हाच त्यांची उजवी नाकपुडी चोंदली.

"भुसा गेलाय," दादा म्हणाले.

मग गाल बधिर झाला. तर म्हणे गार वारं लागलं. मग वरची दाढ हलायला लागली. ती उपटली तरी दुखणं जाईना. शेवटी गाल सुजून उजवा डोळा वर ढकलला गेला, तेव्हा आईनं रंधा आणि पटाशी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. "डॉक्टरला दाखवून या, मग किल्ली मागा."

गालाच्या हाडामागं जी पोकळी असते, तिथं कॅन्सर होता. चांगला पसरलेला. नाशकातल्या सर्जननी सांगितलं, वरचा जबडा आणि उजवा डोळा, दोन्ही काढावे लागतील. दादांनी गिऱ्हाइकाशी बोलावं तसा घसा खाकरला.

"डागदर, रंधा मारल्यावर फळी सरळ हाय का, ते आम्ही एक डोळा मिटून बघतो. माझा मिटतो डावा. उजवा तुम्ही नेला, तर मिटायला डोळा ऱ्हाईल, बघायला नाय."

सर्जन हसले नाहीत. पण त्यांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथले डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी पदवीधर असल्याचं दादांनी त्यांना दारातच सांगून टाकलं होतं. आधी सलाईनमधून औषध, मग किरणं. गाठ विरली तर डोळा आणि जबडा राहील. नाही विरली तर ऑपरेशन आहेच. खात्री देता येत नाही. मी हे दादांना मराठीत सांगितलं.

"खात्री आपण तरी कुठं देतो? पावसाळ्यात दार फुगतंच," दादा म्हणाले. "लावा म्हणावं काम."

औषधानं त्यांना इतक्या उलट्या झाल्या की पाणीही ठरेना. केस गेले. निफाडहून आत्या, दादांची थोरली बहीण, द्राक्षं घेऊन आली आणि त्यांच्या डोक्याकडं बघून म्हणाली, "दाद्या, पॉलिश लय झकास झालंय रं!" आजारात दादा पहिल्यांदा खळखळून हसले ते तेव्हा, आणि लगेच पुन्हा बादली मागितली.

मग किरणं सुरू झाली. मशीन कुठं लावायचं ते कळावं म्हणून दादांच्या गालावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. त्या धुवायच्या नाहीत, अशी ताकीद होती. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून आम्ही नाशकाला घरी येत असू.

पहिल्याच रविवारी आई भाजीला गेली होती, मी धुणं वाळत घालत होते. आत आले तर दादा खिळ्यावरच्या आरशासमोर उभे. गालाला गुण्या लावलेला, म्हणजे सुताराची काटकोन बघायची पट्टी. हातात त्यांची ती पेन्सिल, जिभेला लावली की जांभळी उमटणारी. खोबरेल तेलानं एक रेघ पुसून दुसरी मारूनही झाली होती.

"दादा! हे काय केलंत?"

"अगं, वाकडी होती. एवढी शिकलेली मानसं, पन गुण्या नाय लावला. आता बघ, कशी चौकटीवानी बसली!"

बसली होती खरी. रंगसुद्धा हुबेहूब. आईनं मागून येऊन बघितलं आणि पिशवीतली मेथी त्यांच्या टकलावर हाणली.

सोमवारी मशीनवाल्याच्या काही ध्यानात आलं नसतं. मीच डॉक्टरांना गाठून सांगितलं. दादा शेजारी ताठ उभे, काम चोख केल्याच्या ऐटीत. डॉक्टरांनी गाल उजेडाकडं वळवला आणि रेघ कागदावरच्या आखणीशी ताडून पाहिली.

"काका, ती रेघ मुद्दाम तिरकी होती," ते म्हणाले. "डोळा चुकवून. तुमच्या सरळ रेघेवर मशीन लावलं असतं, तर ज्या डोळ्यासाठी एवढं चाललंय, तोच भाजला असता."

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. कानावरची दुसरीही दिली.

"तिरकं काम हाय, हे आधी सांगायचं ना," ते पुटपुटले. मग हात जोडून म्हणाले, "चुकलं. माप तुमचं, लाकूड माझं."

आता डॉक्टर हसले. पुन्हा एक्स-रे फोटो काढून त्यांनी स्वतः रेघ मारली. त्यानंतर प्रत्येक रविवारी आई गुण्या उशाखाली घेऊनच दुपारची आडवी व्हायची.

किरणांनी उजव्या बाजूची मिशी गळाली ती गळालीच. आई म्हणायची, उरलेली काढून टाका, सोंग दिसतं. "चांगलं काम कोन उखडतं?" दादा म्हणायचे. अर्धी मिशी घेऊन ते गल्लीभर फिरले. ओळखीचे कुठल्या गालाकडं बघून बोलतात हे दादा बघत बसायचे आणि मुद्दाम उजवा गाल पुढं करायचे.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नाकातून, तोंडातून, फोटोतून सगळीकडून बघितलं. गाठ दिसत नव्हती. तरी त्यांनी पुढची काही वर्षं यायला लावलं आणि दर वेळी दादांनी विचारलं, "फळी सरळ हाय ना?"

पुढं त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तो नाशकातच काढला. तोंड कायम कोरडं राहिलं. भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी लागे. पण माझ्या नोकरीवर आम्ही इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या, तेव्हा त्या घराचं दार दादांनी केलं. फळी उचलली, डावा डोळा मिटला आणि उजव्यानं कड सरळ आहे का ते पाहिलं.

दादांचा कॅन्सर गेला. जबडा राहिला, उजवा डोळा राहिला आणि ते दार अजून नीट लागतं.